कुडाळहून जर्मनीला कंपोझिशन शिकायला यायचं म्हणतोस, तर

तू लिहिलंस की दशावतारी मंडळीत पायपेटी वाजवतोस, पियानोची आठवी ग्रेड पास झालास आणि आता जर्मनीत कंपोझिशन, म्हणजे संगीतरचना, शिकायला यायचं म्हणतोस. त्यासाठी बाबा कलमांची बाग विकायला तयार आहेत. पुढे यावर पोट भरेल का, हा तुझा प्रश्न. मी वेंगुर्ल्याचा. बरीच वर्षं इथे संगीत लिहितो नि शिकवतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बाग विकू नका. तेवढा पैसा लागत नाही. इथल्या सरकारी संगीत विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणीची फी नाही, सत्राला थोडंसं शुल्क असतं एवढंच. मोठा अपवाद बाडेन-व्युर्टेंबर्गचा. तिथे युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला १,५०० युरो पडतात, आणि फ्रायबुर्ग, श्टुटगार्ट, कार्ल्सरूह ही त्याच राज्यात येतात. व्हिसासाठी मात्र वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात, म्हणजे साधारण १२ लाख रुपये. ते तुझेच असतात, महिन्याला ९९२ युरो असे हातात येतात. त्यापुरतं शैक्षणिक कर्ज काढ. आकडा बदलत असतो, अर्जाच्या वेळी तपासून घे. एपीएसचं, म्हणजे तुझी शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन दूतावासाच्या विभागाचं, प्रमाणपत्र सगळ्यात आधी.

आता पोटाचं. नुसत्या रचनेवर जगणारे इथेही फार थोडे. बाकीचे शिकवतात, मीही शिकवतो. दुपारपासून संध्याकाळपर्यंत संगीत शाळेत मुलांना पियानो आणि थिअरी, स्वतःचं लिहिणं सकाळी. मला हे मनापासून आवडतं. ही ओळ इथेच का थांबते, असं नऊ वर्षांची मुलगी विचारते तेव्हा नीट उत्तर द्यावं लागतं, आणि ते देता देता माझ्या हातातली रचनाही मला जास्त कळते. म्हणून माझा आग्रह असा की कंपोझिशनबरोबर वाद्य-अध्यापनाचीही पदवी घे. तासांवर शिकवणाऱ्यांची इथे वर्षानुवर्षं ओढाताण व्हायची. २०२२ मध्ये हेरेनबर्ग गावच्या संगीत शाळेतली शिक्षिका स्वतंत्र व्यावसायिक नसून नोकरदारच आहे, असा निकाल संघीय सामाजिक न्यायालयाने दिला. तेव्हापासून बऱ्याच शाळांना अशा शिक्षकांना रीतसर नोकरीत घ्यावं लागतंय, आणि पदवी हातात असलेल्याला त्यात वाव आहे. विद्यार्थी असताना वर्षाला १४० पूर्ण दिवस नोकरी करता येते, पण खाजगी शिकवण्या स्वतंत्र व्यवसायात मोडतात. त्यांना परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची परवानगी घ्यायची, त्याशिवाय एकही शिकवणी धरायची नाही.

प्रवेश परीक्षेत परीक्षक पियानोवर चार स्वरांचा कॉर्ड, म्हणजे चार स्वर एकदम, वाजवतात, तो ओळखायचा. दोन आवाजांची सुरावट ऐकून कागदावर उतरवायची. मग तुझं पियानोवादन, मग तुझ्या स्कोअरवर, म्हणजे कागदावर लिहिलेल्या रचनेवर, प्रश्न. काळी दोन असो की पांढरी चार, तू सा धरून बाकीचे स्वर लावतोस, त्यामुळे सुरावट उतरवणं तुला जड जाणार नाही. पण एकदम वाजणारे स्वर वेगवेगळे ऐकायची सवय भजनाच्या नि नाटकाच्या पेटीवर लागत नाही. बाखचे कोराल, म्हणजे चार आवाजांत बांधलेली स्तोत्रं, घे आणि रोज तासभर एक आवाज स्वतः गात बाकीचे तीन वाजवत बस. याला दुसरा उपाय नाही.

सगळ्यात वेगळं पडेल ते लिहिणं. दशावतारात संवादाची संहिता नसते. राजाचं पात्र बोलता बोलता गाण्याकडे वळलं की तू त्याचा श्वास ऐकून पट्टी धरतोस, पखवाज नि झांज तुझ्या मागून येतात, कुणी कुणाला खूण करत नाही. इथे वाद्यवृंदाची तालीम घड्याळ लावून मिळते आणि वादक कागदावर असेल तेवढंच वाजवतात. चेलोवर मींड हवी तर ती कुठल्या स्वरावरून सुटते, कुठे पोचते, किती मात्रांत, मध्ये बोची (गजाची) दिशा बदलायची की नाही, सगळं लिहावं लागतं.

म्हणून मंडळीतलं ऐकणं टाकून येऊ नकोस. जपानी संगीतकार तोशिओ होसोकावा हिरोशिमाचे, जन्म १९५५. १९७६ मध्ये ते बर्लिनला इसांग युन या कोरियन संगीतकाराकडे शिकायला आले, युरोपियन संगीताच्या ओढीने. पुढे फ्रायबुर्गला संगीतकार क्लाउस हूबर यांच्याकडे गेले, तर त्यांनी होसोकावांना आपल्या मातीतल्या संगीताकडे वळायला सांगितलं. आज जपानी दरबारी संगीतातल्या शो या वाद्याचे लांब, हळूहळू उमलणारे स्वर त्यांच्या वाद्यवृंदात ऐकू येतात. रागाची चाल उचलून खाली व्हायोलिनचे कॉर्ड भरणं म्हणजे हे नव्हे. तुझ्याकडे पात्राच्या श्वासामागे जाणारी लय आहे, ती कागदावर कशी उतरेल हे शोध.

परत यायचं मनात असेल तर संगीतकार वनराज भाटियांचा प्रवास वाच. लंडनची रॉयल अकॅडमी, पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे शिक्षण, परतल्यावर १९६० ते १९६५ दिल्ली विद्यापीठात अध्यापन, आणि मग जाहिराती नि 'अंकुर', 'मंथन'सारखे चित्रपट. आपल्या किनाऱ्यावरचे, गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस १९५८ मध्ये मुंबईत भारतीय वादकांचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा करून १९६५ मध्ये अमेरिकेत सिरॅक्यूजला गेले आणि शेवटी गावी परतले. दोघांनीही शिकवलं, हे लक्षात घे.

जर्मनची बी-१ पातळी कुडाळात बसून ऑनलाइन सुरू कर. जत्रांचा हंगाम संपला की तीन-चार वाद्यांसाठी चार मिनिटांचं काहीतरी लिही आणि स्कोअर मला पाठव, मी पेन्सिलीने खुणा करून परत धाडीन. दशावताराच्या एखाद्या रात्रीचं रेकॉर्डिंगही जोड, प्रोफेसरांसमोर तुझ्या रचनेबद्दल बोलताना तेच कामी येईल.