वाचकांचे प्रश्न : घोड्याचा डोळा मिटला तर

प्रश्न : आमच्या घोडीचा डावा डोळा सकाळपासून अर्धवट मिटलेला आहे आणि सारखं पाणी गळतंय. घरात डोळ्यांचं एक जुनं मलम आहे. ते लावून दोन-तीन दिवस वाट पाहिली तर चालेल का?

वाट पाहू नका आणि ते मलमही लावू नका. पशुवैद्यांना आजच बोलवा. घोडा डोळा मिटतो तेव्हा तो दुखत असतो, आणि डोळ्याचं दुखणं उद्यावर ढकलण्यासारखं नसतं.

घोडीच्या समोर थोडं अंतर ठेवून उभे राहा आणि दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापण्यांचे केस ताडून पाहा. निरोगी डोळ्याचे केस जवळजवळ आडवे, बाहेरच्या बाजूला आलेले असतात. दुखणाऱ्या डोळ्याचे खाली झुकतात. डोळा उघडा वाटत असतानाही ही खूण दिसते, म्हणून रोज दाणा घालताना एवढं पाहायची सवय लावून घ्या.

आता मलमाविषयी. कपाटात उरलेल्या अशा ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. नावं बारीक अक्षरांत असतात : डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, हायड्रोकॉर्टिसोन. डोळ्यावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, घोड्यात जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा असतो. वैरणीच्या काडीने त्यावर ओरखडा उठला असेल आणि वरून स्टेरॉइड गेलं, तर लाली उतरते, मालकाला हायसं वाटतं, आणि आत मात्र जखम भरायची थांबते. जिवाणू आणि बुरशी यांना तेवढंच हवं असतं. जखम चिघळली की कॉर्निया विरघळू लागतो आणि एक-दोन दिवसांतही त्याला भोक पडू शकतं.

म्हणून पशुवैद्य आधी फ्लुरेसिन नावाचा नारिंगी रंग डोळ्यात घालतात आणि धुऊन टाकतात. वरचा थर निघाला असेल तेवढ्याच जागी रंग धरतो आणि निळ्या प्रकाशात ती जागा हिरवी चमकते. ही तपासणी होईपर्यंत स्टेरॉइडला हात लावायचा नाही. तोवर घोडीला सावलीत, धूळ नसलेल्या जागी ठेवा आणि डोळा कशावर घासू देऊ नका. काटा किंवा काडी रुतलेली दिसली तर स्वतः ओढून काढू नका. पापणी फाटून तुकडा लोंबत असेल तर तो कापायचा नाही. निर्जंतुक गॉज सलाइनमध्ये भिजवून त्यावर धरा, म्हणजे टाके घालेपर्यंत तुकडा सुकणार नाही. पापणीची कड गेली तर कॉर्नियावर अश्रूंचा थर नीट पसरत नाही आणि तो त्रास जन्मभर राहतो.

प्रश्न : डोळे रोज कशाने धुवावेत?

निरोगी डोळा आतून धुवायची गरजच नसते. कोपऱ्यातली चिपडं आणि पापणीबाहेरची धूळ पुसली की पुरे. त्यासाठी ०.९ टक्क्याचं निर्जंतुक सलाइन वापरा. मिळालं नाही तर एक लिटर पाणी उकळून त्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवा, कोमट होऊ द्या आणि त्याच दिवशी संपवा. मीठ अंदाजाने टाकू नका. जास्त झालं तर डोळा झोंबतो. कापसाचे तंतू डोळ्यात सुटतात, म्हणून गॉज घ्या. आतल्या कोपऱ्याकडून बाहेर एकदाच पुसा आणि तो तुकडा टाकून द्या. दुसऱ्या डोळ्याला नवा तुकडा.

पातळ, स्वच्छ पाणी सतत गालावर ओघळत असेल आणि डोळा अजिबात दुखत नसेल, तर अश्रूंची नळी तुंबलेली असू शकते. तिचं दुसरं टोक नाकपुडीच्या आत, तळाशी, कातडी संपून गुलाबी भाग सुरू होतो तिथे बारीक छिद्रासारखं दिसतं. पशुवैद्य तिथून नळी धुऊन मोकळी करतात. चिपडं पिवळी किंवा हिरवी झाली तर मात्र ती पुसत बसू नका, डोळा दाखवा.

त्रासाचं मूळ बऱ्याचदा तबेल्यातच असतं. वैरणीची जाळी डोळ्यांच्या उंचीवर टांगली की काड्या, कुसळं आणि धूळ थेट डोळ्यात जातात. वैरण खाली ठेवा. मुताने भिजलेलं अंथरूण रोज काढा, त्यातला अमोनिया डोळ्यांना झोंबतो. माश्यांसाठी डोळ्यांवर जाळी बांधत असाल तर ती पापण्यांच्या केसांना टेकता कामा नये. रोज काढून आतून पाहा, धुवा आणि रात्री काढूनच ठेवा. आत अडकलेलं एक कुसळ दिवसभर डोळ्यावर घासत राहतं.

प्रश्न : औषध घालताना घोडा मान झटकतो. काय करावं?

समोर उभे राहू नका. कपाळासमोरचं अगदी जवळचं त्याला दिसत नाही आणि अचानक आलेल्या हाताने तो दचकतो. बाजूला, खांद्याजवळ उभे राहा, दुसऱ्या माणसाला मोरकी धरू द्या. ट्यूब आधी मुठीत धरून कोमट करा. ट्यूब धरलेल्या हाताची कड डोळ्याखालच्या हाडावर टेकवा. मान हलली तरी हात तिच्याबरोबर हलतो आणि टोक डोळ्यात घुसत नाही. दुसऱ्या हाताच्या तर्जनीने वरची पापणी उचला, अंगठ्याने खालची किंचित खाली ओढा आणि तिच्या आतल्या बाजूला अर्धा ते एक सेंटिमीटर मलम सोडा. टोक कशालाही टेकलं नाही पाहिजे. पापणी मिटू द्या, मलम आपोआप पसरतं.

दोन औषधं असतील तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या. थेंब आधी, मलम शेवटी. मलमाच्या थरावरून थेंब ओघळून जातात. बाहुली रुंदावणारं अ‍ॅट्रोपिन दिलं असेल तर दोन गोष्टी सांभाळा. हात धुवा, नाहीतर तुमचीच बाहुली ताणून राहील. आणि लीद नेहमीसारखी पडते का ते पाहा, कारण या औषधाने आतड्यांची हालचाल मंदावून पोटशूळ उठू शकतो. लीद कमी झाली की लगेच कळवा. दर एक-दोन तासांनी औषध द्यायचं असेल तर पशुवैद्य पापणीतून बारीक नळी बसवून तिचं टोक आयाळीत बांधून देतात. घोड्याशी रोज झटापट करण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

प्रश्न : बाहुलीच्या वरच्या कडेला काळे गोळे दिसतात. गाठ तर नाही?

नाही. ते जवळजवळ प्रत्येक घोड्यात असतात, वरच्या कडेला मोठे आणि खालच्या कडेला छोटे. प्रखर उजेडात बाहुलीवर सावली धरायचं त्यांचं काम. ते वाढून बाहुली झाकू लागले तरच दाखवा. काळजी करायची ती पापणीच्या कडेवर किंवा आतल्या कोपऱ्यातल्या तिसऱ्या पापणीवर उठलेल्या गुलाबी, खडबडीत, न भरणाऱ्या फोडाची. डोळ्याभोवतीची कातडी गुलाबी असलेल्या घोड्यांना उन्हामुळे तिथे कर्करोग होऊ शकतो आणि तो लहान असतानाच काढणं सोपं असतं.

प्रश्न : काही महिन्यांनी पुन्हा पुन्हा तोच डोळा लाल आणि धूसर होतो, मग आपोआप बरा होतो. हे चंद्राच्या कलांमुळे होतं असं ऐकलं.

चंद्राचा संबंध नाही. वर्णनावरून हा परतून येणारा युव्हिआयटिस वाटतो, म्हणजे डोळ्याच्या आतला दाह. घोडे आंधळे होण्याचं हे जगभरातलं सर्वांत मोठं कारण आहे. झटक्याच्या वेळी मंद उजेडातही बाहुली बारीक राहते, कॉर्निया निळसर दिसतो आणि कधी डोळ्याच्या तळाशी पिवळट गाळ साचतो. ‘आपोआप बरा होतो’ यावर विसंबू नका. वरून डोळा साफ झाला तरी प्रत्येक झटका आत खुणा ठेवतो. बाहुली मागच्या भिंगाला चिकटते, पुढे मोतीबिंदू होतो.

पुष्कळदा यामागे लेप्टोस्पायराचा, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या जिवाणूचा, जुना संसर्ग असतो. म्हणून दाण्यात उंदीर शिरणार नाहीत आणि घोडा डबक्याचं पाणी पिणार नाही हे पाहा. अ‍ॅपालूसा जातीत हा आजार अधिक आढळतो. उपचार झटक्याच्या पहिल्या काही तासांत सुरू झाले तर डोळा वाचायची शक्यता वाढते : बाहुली रुंदावणारं अ‍ॅट्रोपिन, दाह कमी करणारं औषध आणि हो, स्टेरॉइडही. वर ज्याला हात लावू नका म्हटलं तेच इथे मुख्य औषध आहे. घरच्या घरी पाहून कॉर्नियाची जखम आणि हा आतला दाह वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून झटका दहावा असला तरी आधी रंगाची तपासणी.

प्रश्न : डोळ्यात पांढरा दोरा वळवळताना दिसला. जंताचं औषध पाजू का?

नुसतं औषध पाजून भागणार नाही. दोरा बाहुलीसमोरच्या पाण्यात पोहत असेल तर तो डासांमार्फत आलेला सेटारिया नावाचा जंत. थेंबांनी तो जात नाही. भूल देऊन कॉर्नियाला बारीक छिद्र पाडून काढतात, आणि उशीर केला तर डोळा निळा-पांढरा होत जातो. दोरा तिसऱ्या पापणीखाली, डोळ्याच्या पृष्ठभागावर असेल तर तो माश्यांनी आणलेला थेलेझिया नावाचा जंत. पशुवैद्य डोळा बधिर करून धुऊन किंवा चिमट्याने काढतात.

प्रश्न : घोड्याला दिसतं की नाही, हे घरी कसं पाहावं?

तळहात एकदम डोळ्याकडे नेला की दिसणारा घोडा पापणी मिटतो. पण वारा लागला किंवा डोळ्याभोवतीच्या लांब केसांना स्पर्श झाला तरी तो मिटतोच, म्हणून बोटं फाकवून, अंतर राखून हात न्या. एका वेळी एकच डोळा तपासा, दुसरा झाका. शिंगराला ही प्रतिक्रिया जन्मतःच नसते, ती साधारण दोन आठवड्यांनी येते. आणि ते लांब केस शोभेसाठी कापू नका. अंधारात भिंत किंवा दावणीची कड जवळ आली की घोड्याला आधी त्यांनीच कळतं.