आजीची पैठणी रद्द करू नकोस

प्रिय मैत्रिणी,

तुझी उंची ४ फूट १० इंच, होणारा नवरा ५ फूट ११. साखरपुड्यात त्याच्या मावशी सगळ्यांदेखत 'जोडा विजोड दिसतो' म्हणाल्या. तेव्हापासून तू रिसेप्शनसाठी चार इंची हिल्स बघते आहेस आणि आजीची रुंद काठांची पैठणी रद्द करायला निघाली आहेस. वाचून फार वाईट वाटलं गं.

तेरा इंचांचा फरक कुठलीही साडी झाकणार नाही. पण तू आहेस त्यापेक्षा उंच नक्की दिसू शकतेस. बघणाऱ्याची नजर डोक्यापासून पायापर्यंत कुठेही अडायला नको, एवढंच सांभाळायचं. रुंद काठ पोटरीवर नजर अडवतो, वेगळ्या रंगाचा ब्लाउज कमरेशी. म्हणून रिसेप्शनला एकरंगी, बारीक काठांची, अंगासरशी पडणारी क्रेप किंवा शिफॉन घे. ब्लाउज त्याच रंगाचा. पदराच्या अरुंद चुण्या करून खांद्यावर पिन लाव आणि पदर गुडघ्याच्या खालपर्यंत सोड. साडी नेसायची ती चपला पायात घालूनच! निऱ्या जमिनीला टेकल्या की टाच दिसत नाही आणि पाय लांब भासतात.

आडव्या रेघांनी माणूस बुटकं दिसतं, हे मात्र सरसकट खरं नाही. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६७ मध्येच लिहून ठेवलंय की बारीक आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उभ्या रेघांच्या चौकोनापेक्षा उंच भासतो. टाळायचा तो एकच जाड आडवा पट्टा.

केसांचा अंबाडा उंच बांध, मान मोकळी राहू दे. ठुशी मान झाकते. त्याऐवजी मोहनमाळ घाल. चार इंची हिल्स नकोतच. तासभर स्टेजवर उभं राहिलीस की कंबर वाकते, खांदे पडतात आणि मिळवलेली उंची तिथेच जाते. दोन इंची, सपाट तळाच्या चपला पुरेत. फोटोग्राफरला कॅमेरा छातीच्या उंचीवर धरायला सांग. वरून घेतलेल्या फोटोत पाय आखूड येतात.

आणि पैठणी? ती सकाळच्या विधींना नेस. तेव्हा बराच वेळ तू पाटावर बसलेली असशील, तिथे काठ कितीही रुंद असला तरी बिघडत नाही. आजीलाही ती तुझ्या अंगावर बघायची असेल.

मावशींना उत्तर तू देऊ नकोस. ते त्याने द्यायचं आहे. तुला ते बोलणं किती लागलं, हे त्याला अजून सांगितलं नसशील तर आजच सांग.

तुझी ताई