देर्बी की डर्बी?

एका वाचकाने विचारलं आहे: स्पेनमधल्या 'डर्बी' मोटरसायकलींचं नाव घोड्यांच्या शर्यतीवरून पडलं का? आणि मराठीत ते कसं लिहावं?

नाव शर्यतीवरून पडलेलं नाही. मराठीत ते 'देर्बी' असंच लिहावं, असं माझं ठाम मत आहे.

नावाचा उगम सायकलींत आहे. बार्सिलोनाजवळच्या मोलेत गावात सिमेओन राबासा सिंग्ला यांनी १९२२ साली सायकली दुरुस्त करण्याचं आणि भाड्याने देण्याचं दुकान थाटलं. १९४४ मध्ये त्याची रीतसर कंपनी झाली, 'बिसिक्लेतास राबासा', म्हणजे राबासा सायकल्स. पुढे तिथे सायकलीला इंजिन बसवून ४८ सीसीची गाडी तयार झाली. तिला मालकाची आद्याक्षरं मिळाली : एस. आर. एस. ती चांगली चालली आणि १९५० मध्ये कंपनीने नाव बदलून 'नासिओनाल मोतोर' केलं. त्याच वर्षी २५० सीसीची मोटरसायकल बाजारात आली आणि तिच्यावर शब्द झळकला 'देर्बी'. 'देरिवादोस दे बिसिक्लेतास' यातल्या पहिल्या आणि शेवटच्या शब्दाचा आरंभ जोडून तो बनवला होता. 'महाराष्ट्र'मधलं 'महा' घेऊन आपल्याकडे 'महाबीज' झालं, तशीच ही घडण.

'देरिवादो' म्हणजे एखाद्या गोष्टीपासून निघालेलं, साधलेलं. स्पॅनिश व्याकरणात साधित शब्दालाही हेच विशेषण लावतात. सायकलीपासून साधलेली गाडी! इतकं प्रामाणिक नाव वाहनांच्या जगात मला क्वचितच दिसलं आहे.

शेजारच्या कंपन्यांची नावंही अशीच तुकडे जोडून झाली आहेत. रिएरा आणि जुआनोला या भागीदारांची 'रिएजू'. संस्थापक बुल्तो यांच्या आडनावाला त्यांच्याच 'पाको' या लाडक्या नावाची शेपटी लावून 'बुल्ताको'. पण रिएजू किंवा बुल्ताको ऐकून कोणाला दुसरं काही आठवत नाही. देर्बीचं तसं नाही, आणि तिथेच सगळा घोटाळा होतो. शर्यतीचा डर्बी इंग्लंडमधल्या अर्ल ऑफ डर्बी यांच्या नावावरून, एप्समला १७८० साली सुरू झालेल्या शर्यतीतून आला. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर धावणारी इंडियन डर्बी आपल्याला त्याच वाटेने मिळाली. आता स्पॅनिश कोशातही शर्यतीचा आणि एकाच शहरातल्या दोन फुटबॉल संघांच्या सामन्याचा शब्द गाडीच्या नावासारख्याच अक्षरांत लिहितात. त्यामुळे गैरसमज होणं साहजिक आहे.

त्यात भर म्हणजे ही गाडी रेसमध्येही जबरदस्त धावली. स्पेनचे रेसर आंखेल निएतो यांनी देर्बीवर १९६९, १९७० आणि १९७२ मध्ये ५० सीसीचं, तर १९७१ आणि १९७२ मध्ये १२५ सीसीचं विश्वविजेतेपद मिळवलं. त्यांची एकूण विजेतेपदं तेरा, पण तेरा हा आकडा त्यांना अशुभ वाटायचा, म्हणून ते 'बारा अधिक एक' म्हणत. एवढ्या लहान इंजिनाच्या गाड्यांनी स्पेनला रेसिंगच्या नकाशावर आणलं, याचं मला फार कौतुक वाटतं. २०१० मध्ये मार्क मार्केस यांनी आपलं पहिलं, १२५ सीसीचं विश्वविजेतेपद मिळवलं तेही देर्बीवरच.

तोवर कंपनी २००१ पासून इटलीच्या प्याजिओकडे गेली होती. मार्तोरेलेस इथला कारखाना २०१३ मध्ये बंद झाला. प्याजिओ आपल्याला बारामतीच्या कारखान्यामुळे माहीत आहे. त्याआधी, १९७२ मध्ये, कायनेटिकची लूना निघाली तीही प्याजिओच्या 'चाओ' या मोपेडवरून. मोपेड कोणत्याही कंपनीची असली तरी आपल्याकडे सर्रास 'लूना'च म्हणत. स्पेनमध्ये 'व्हेस्पिनो' या मोपेडच्या नावाचं तेच झालं. कागदोपत्री शब्द मात्र 'थिक्लोमोतोर'. 'मोपेड' हा शब्द स्वीडिशमधून आलेला, मोटर आणि पेडल यांचे तुकडे जोडून केलेला.

उच्चाराबद्दल : स्पॅनिश 'द' दंत्य आहे, 'ड' नव्हे, आणि पहिला स्वर स्पष्ट 'ए'. म्हणून घोड्यांची ती डर्बी, गाडीची ती देर्बी, एवढा फरक मराठीत सहज राखता येतो. लिंगाचा प्रश्न तर येतच नाही. स्पॅनिशमध्ये 'मोतो' स्त्रीलिंगी असल्याने तिथे 'ला देर्बी' म्हणतात, आणि आपली गाडीही स्त्रीलिंगीच.