टॅमवर पहिल्यांदा सायकल नेताना

कॅलिफोर्नियात आलास, माउंटन बाइकही घेतलीस, छान! पण सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या माउंट टॅमल्पायस (टॅम) या डोंगरावर जाण्याआधी एवढं ऐक. तिथे सायकल मुख्यतः रुंद फायर रोडवरच, म्हणजे वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठीच्या कच्च्या रस्त्यांवरच चालते. अरुंद पायवाट कितीही खुणावली तरी पाटी वाचल्याशिवाय शिरू नकोस. डोंगराच्या पायथ्याच्या म्युर वुड्स या रेडवुड जंगलातल्या पायवाटांवर तर अजिबात नाही. वेगमर्यादा ताशी १५ मैल, आंधळ्या वळणावर किंवा कुणाला ओलांडताना ५.

घोडा दिसला की थांब, उतर, उताराच्या बाजूला उभा राहा आणि स्वाराशी दोन शब्द बोल. हेल्मेट घातलेली, न बोलणारी आकृती पाहून घोडा बुजतो. कान मागे पाडतो. आवाज ऐकला की माणूस आहे हे त्याला कळतं. मी आजही घंटी वाजवत नाही, आधी "हॅलो" म्हणतो.

चढणाऱ्याला वाट दे. आणि पावसानंतर दोन दिवस थांबच, ओल्या मातीत चाकोऱ्या पडतात.