उभ्या गाडीत तापणारे इंजिन

प्रश्न : माझ्याकडे १९६८ सालची फोक्सवॅगन बीटल आहे. तिचे १५०० सीसीचे इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधून घेतले असून त्यानंतर गाडी ३०० किलोमीटर चालली आहे. घोडबंदर रस्त्यावरील कोंडीत गाडी बराच वेळ एका जागी अडकते, म्हणून तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगखाली तापमान मोजणारी रिंग बसवली. दर रविवारी सोसायटीच्या आवारात २० मिनिटे इंजिन आयडलिंगवर (गाडी उभी, ॲक्सिलरेटर न देता) ठेवून मी काटा पाहतो. तो १५० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. दुरून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन मात्र त्याच हेडवर (सिलिंडरच्या माथ्यावरील भागावर) ११० अंश दाखवते. इंजिन बंद केल्यावर काटा आणखी १०-१२ अंश चढतो, आणि गायमुखच्या चढावर तो १८५ पर्यंत गेला होता. यांतील कोणता आकडा खरा धरावा? इंजिनाचे काम नीट झालेले नाही, असे समजावे काय?
— एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : आपण दिलेल्या आकड्यांत इंजिनाचे काम बिघडल्याचे लक्षण मला दिसत नाही. रविवारची ती २० मिनिटे मात्र आपण कृपया आजपासूनच बंद करावीत. नव्या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा) आणि त्यावर घासणारे टॅपेट एकमेकांना बसायचे असतात, आणि कॅमच्या उंचवट्यांना ऑइल मिळते ते मुख्यतः फिरत्या भागांवरून उडणाऱ्या शिंतोड्यांतून. मिनिटाला ८००-९०० फेऱ्यांवर ते पुरेसे उडत नाहीत. पिस्टनच्या रिंगाही भाराखालीच सिलिंडरला बसतात. म्हणून असे इंजिन सुरू केल्यावर लगेच रस्त्यावर काढावे, वेग कमी-जास्त करत हलक्या भाराने चालवावे, आणि तापमानाचा अभ्यास त्या फेरीतच करावा.

आता आकड्यांकडे वळू. प्लगखालची रिंग म्हणजे थर्मोकपल. ते स्वतःचे तापमान सांगत नसून आपल्या दोन टोकांच्या तापमानातील फरक सांगते. एक टोक हेडवर असते आणि दुसरे डॅशबोर्डमागे. स्वस्त मीटरमध्ये हे दुसरे टोक साधारण २४ अंशांवर आहे असे गृहीत धरून आकडे छापलेले असतात. ठाण्यात एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या आत ४० अंश सहज होतात. तेव्हा असा मीटर खऱ्यापेक्षा सुमारे १६ अंश कमी दाखवतो, आणि ही चूक आपल्याला गाफील ठेवणारी असल्याने मी तिला गंभीर मानतो. पडताळणी सोपी आहे. रात्रभर बंद असलेल्या गाडीत पहाटे काटा कुठे आहे ते पाहून ठेवावे आणि इंजिन सुरू न करता भर दुपारी पुन्हा पाहावे. हवा तापूनही काटा तिथेच असेल, तर मीटरमध्ये ही दुरुस्ती केलेली नाही, असे समजून उन्हाळ्यात तेवढे अंश मनाने मिळवावेत. रिंगची वायर अपुरी पडली म्हणून मध्ये साधी तांब्याची वायर जोडली असेल, तर तीही आकडा बिघडवते.

गनचा दोष वेगळा आहे. चकचकीत ॲल्युमिनियम फार थोडे इन्फ्रारेड किरण बाहेर टाकते, त्यामुळे गनला ते खऱ्यापेक्षा बरेच थंड भासते. थंड हेडवर उष्णता सोसणाऱ्या काळ्या मॅट रंगाचा नाण्याएवढा ठिपका द्यावा आणि दरवेळी त्याच ठिपक्यावर, जवळून नेम धरावा. शिवाय प्लगच्या बुडाशी असलेली जागा आणि हेडची बाहेरची बाजू यांच्या तापमानात मुळातच अंतर असते, म्हणून दोन्ही आकडे तंतोतंत जुळण्याची अपेक्षा ठेवू नये.

इंजिन बंद केल्यावर काटा चढतो याचे कारण असे, की पंखा थांबतो पण ज्वलनकक्षाच्या आतील उष्णता बाहेर येतच राहते. हे प्रत्येक एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या, इंजिनात होते. चढावरचे १८५ अंशही प्लगखालच्या मापाने ठीक आहेत; काटा २००च्या पुढे जाऊन तिथेच रेंगाळू लागला तर मात्र पाय सैल करावा आणि कारण शोधावे.

कोंडीत अडकल्यावर हेडपेक्षा ऑइलच्या तापमानाकडे लक्ष देणे मला अधिक आवश्यक वाटते. इंजिनावर भार नसल्याने हेड आयडलिंगवर सहसा फार तापत नाही. पण पंखा डायनॅमोच्या दांड्यावर बसवलेला असून पट्ट्याने क्रँकशी (इंजिनाच्या मुख्य दांड्याशी) जोडलेला असतो, म्हणजे इंजिन हळू फिरले की हवाही कमी. जेमतेम अडीच लिटर ऑइल या काळात सावकाश तापत जाते आणि पातळ होते. त्यासाठी ऑइलमध्ये बुडणारा सेन्सर डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीच्या) जागी बसवून घ्यावा. ८० ते ११० अंश ठीक. १२० ओलांडून काटा तिथेच राहिला तर गाडी बाजूला घ्यावी. तापलेल्या इंजिनात आयडलिंगवर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला आणि किंचित ॲक्सिलरेटर दिल्यावर विझला, तर प्रेशर गेज लावून दाब मोजून घ्यावा; नुसत्या दिव्यावरून निष्कर्ष काढू नये.

उभ्या गाडीतच तापमान चढत असेल तर माझा पहिला संशय पत्र्यांवर जातो. या इंजिनाभोवतीचे पत्रे आणि बॉडीला टेकणारा रबरी पट्टा यांमुळे वरची थंड हवा आणि खाली सोडलेली गरम हवा वेगळी राहते. इंजिन बांधताना एखादा पत्रा ‘नको तो’ म्हणून बाजूला पडतो किंवा वाळलेले रबर पुन्हा बसवले जात नाही. मग चालत्या गाडीत काही जाणवत नाही, पण गाडी थांबली की पंखा स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढू लागतो. फेरीहून परतल्यावर साध्या थर्मामीटरचा सेन्सर पंख्याच्या तोंडाजवळ, आत ओढला जाणार नाही असा पक्का बांधावा, इंजिनावरचे झाकण लावून इंजिन तीन-चार मिनिटे चालू ठेवावे, आणि तो आकडा बाहेरच्या सावलीतील तापमानाशी ताडून पाहावा. फरक १०-१५ अंशांचा असेल तर चालेल. ३० अंशांचा असेल तर फट शोधावी. काही जण उदबत्तीचा धूर धरून फट शोधायला सांगतात. कार्ब्युरेटरशेजारी पेटती उदबत्ती नेऊ नये.

तिसरा सिलिंडर निवडलात हे योग्यच केलेत, कारण १९७१च्या आधीच्या रचनेत ऑइल कूलर पंख्याच्या घरातच या सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत उभा असतो आणि सिलिंडरला आधीच तापलेली हवा मिळते. त्याच बाजूच्या चौथ्या सिलिंडरवरही एकदा रिंग लावून दोघांतील फरक वहीत टिपून ठेवावा. पुढे हा फरक अचानक वाढला तर कूलरच्या फटींत कचरा अडकला आहे का, ते आधी पाहावे.

याखेरीज टायमिंग, म्हणजे प्लगमध्ये ठिणगी पडण्याची वेळ, स्ट्रोब (लुकलुकणाऱ्या) दिव्याने तपासून घ्यावे. ते मागे पडले असेल तर उष्णता एक्झॉस्टच्या बाजूला साचते. पंपावर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि कार्ब्युरेटरमधील जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या छिद्रावर) त्याचे मिश्रण हवेच्या बाजूला झुकते, म्हणून प्लगचा रंग पांढरट दिसल्यास किंचित मोठा मुख्य जेट लावावा आणि पेट्रोलचे जुने रबरी नळ बदलावेत.

प्रश्न : वरच्याच गाडीसारखी माझी गाडी आहे. ‘मुंबईच्या हवेत थर्मोस्टॅट कशाला?’ असे म्हणून मेकॅनिकने तो काढून टाकला. परत लावावा काय?
— एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : लावावा. थर्मोस्टॅट इंजिन तापेपर्यंतच हवेच्या झडपा मिटून ठेवतो. नंतर त्या पूर्ण उघडतात, त्यामुळे तो काढल्याने कोंडीत इंजिन अधिक थंड राहत नाही. उलट पावसाळ्यात नेरुळ ते वाशी अशा छोट्या फेऱ्यांत ऑइल पुरेसे तापत नाही, त्यात पाणी साचते आणि ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट साय धरते. झडपाही काढल्या असतील तर त्या आधी मिळवाव्यात, कारण हवा नेमक्या दिशेने वळवण्याचे कामही त्याच करतात.