“मी पळून तर नाही राहिली न, ताई?”

नाईट ड्यूटी संपवून ती थेट माझ्याकडे आली होती. नागपूरच्या धंतोलीतल्या रुग्णालयांपासून माझी खोली चालत दहा मिनिटांवर. मनगटावर चिकटपट्टीचा तुकडा होता आणि त्यावर पेनाने लिहिलेले तीन बेड नंबर. बसल्या बसल्या तिने पर्समधून एका कोर्सचं माहितीपत्रक काढून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, “ताई, मी पळून तर नाही राहिली न?”

वय २९, बीएस्सी नर्सिंग, ६ वर्षांचा अनुभव. त्यातली शेवटची ३ वर्षं कॅन्सरच्या रुग्णांमध्ये, कधी वॉर्ड तर कधी डे-केअर. तिला बायोटेक, म्हणजे जिवंत पेशींकडून औषधं बनवून घेणाऱ्या, कंपनीच्या कामात जायचं होतं. बाबा म्हणत होते, थांब, सरकारी जागा निघतील. आई म्हणत होती, “सेवेचं काम सोडून कंपनीत कायले जाते?” आणि आईचं बोलणं तिच्या मनात रुतून बसलं होतं.

हाच प्रश्न घेऊन नागपुरातल्या आणि आसपासच्या बऱ्याच सिस्टर माझ्याकडे येतात. वॉर्ड सोडला तर शिकलेलं वाया जाईल का, कंपनी आपल्याला दारात तरी उभं करील का, आणि रुग्णांना सोडून जाणं बरोबर आहे का. तिच्या परवानगीने, ओळख लपवून, तिची गोष्ट सांगते.

अशा वेळी मी सगळ्यांना विचारते तेच तिला विचारलं. “उद्यापासून नाईट बंद झाली, वॉर्डात माणसं वाढली, पगारही बरा झाला, तर राहशील?” काही जणी लगेच हो म्हणतात. त्यांना मी नोकरी बदलायचा सल्ला देत नाही. त्या थकलेल्या असतात. त्यांना आधी झोप हवी असते, मग दुसरा वॉर्ड किंवा दुसरं रुग्णालय. ही मात्र बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “नाही ताई. मी औषध लावते, रुग्णाला त्रास होतो, मी डॉक्टरांना सांगते, आणि तिथंच संपते सारं. पुढं त्या माहितीचं काय होते, ते मला पाहायचं आहे.”

मला इथे खरं ऐकू आलं. मी तिला म्हटलं, असा एखादा प्रसंग सांग.

तिने काटोलकडच्या एका काकांचा सांगितला. रिटुक्सिमॅब या कॅन्सरवरच्या औषधाची पहिलीच बाटली. पहिल्या वेळी हे औषध फार सावकाश देतात, ताशी ५० मिलिग्रॅमने सुरू करून, त्रास नसेल तर दर अर्ध्या तासाने ५० ने वाढवत ४०० पर्यंत. ती दुसऱ्यांदा वेग वाढवून वळली आणि काका म्हणाले, “सिस्टर, थंडी वाजून राहिली.” मशीन वाजायच्या आधीच तिने ड्रिप थांबवली. ताप, नाडी, बीपी पाहिलं, डॉक्टरांना बोलावलं. काका शांत झाल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून निम्म्या वेगाने पुन्हा सुरू केलं. सगळं वेळेसकट फाईलवर लिहिलं.

“आणि बॅच नंबर?”

“स्टिकर फाईलला लावते न मी. नेहमीच.”

तिला ठाऊक नव्हतं की बायोटेक तिच्या हातातून रोज शिरेत जात होतं. रिटुक्सिमॅब रसायनं मिसळून बनत नाही. चिनी हॅमस्टर या छोट्या प्राण्याच्या अंडाशयातून घेतलेल्या पेशी टाकीत वाढवतात आणि त्यांच्याकडून ते प्रथिन तयार करून घेतात. अमेरिकेत त्याला १९९७ मध्ये मान्यता मिळाली. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने त्याची भारतीय आवृत्ती आणली. जिवंत पेशींकडून बनवून घेतलेली औषधं दोन कंपन्यांची तंतोतंत एकसारखी नसतात. म्हणून रुग्णाला काही झालं तर कोणत्या कंपनीचं आणि कोणत्या बॅचचं औषध दिलं होतं, हे कळणं फार महत्त्वाचं असतं. ते कळतं सिस्टरने लावलेल्या त्या स्टिकरवरून.

मी तिच्यासमोर एक कोरा फॉर्म ठेवला, औषधाच्या संशयित दुष्परिणामाची नोंद करायचा. भारतात औषधसुरक्षेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. त्याचं समन्वय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये चालतं. हा फॉर्म डॉक्टरच भरू शकतात असं नाही, परिचारिकाही भरू शकते. हे तिला ६ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं. अहवाल ग्राह्य धरायला चार गोष्टी लागतात. ओळखता येईल असा रुग्ण, माहिती देणारी व्यक्ती, संशयित औषध आणि झालेला त्रास. काकांचं नाव न लिहिता, आठवणीतून, तिने तो सरावापुरता भरला. पाऊण तास लागला. “थंडी वाजली” इथून सुरुवात करून ड्रिप किती वाजता थांबवली, किती वेळात आराम पडला, पुन्हा सुरू केल्यावर काय झालं, सगळं क्रमाने. कंपन्यांच्या औषधसुरक्षा विभागात माणसं दिवसभर हेच वाचतात, तपासतात, लिहितात. तिने फॉर्मवरून मान वर केली तेव्हा सकाळची झोप तिच्या चेहऱ्यावरून गेली होती.

माहितीपत्रकाचं मात्र मी स्पष्ट बोलले. त्यावर “१०० टक्के प्लेसमेंट” असं मोठ्या अक्षरात होतं. फी तिच्या चार महिन्यांच्या पगाराएवढी. मी म्हटलं, मागच्या बॅचमधल्या दोघांशी बोलू द्या, एवढंच त्यांना विचार. तिने दोनदा फोन केला, दोन्ही वेळा टाळाटाळ झाली. पैसे वाचले. क्लिनिकल ट्रायल म्हणजे औषध माणसांवर तपासून पाहणं. त्याच्या नियमांचं, म्हणजे जीसीपीचं, प्राथमिक प्रशिक्षण ऑनलाइन मोफतही मिळतं. ते तिने सुटीच्या दिवसांत पूर्ण केलं.

आणखी एक गोष्ट मी लपवली नाही. पेशी वाढवणं, प्रयोगशाळेतली तपासणी, उत्पादन ही कामं बायोटेक, मायक्रोबायोलॉजी, फार्मसी शिकलेल्यांची. तिथे नर्सिंगच्या पदवीवर शिरकाव होणं अवघड. सिस्टरसाठी दार उघडतं ते औषध माणसापर्यंत पोचतं त्या टोकाला. ट्रायल चालते त्या रुग्णालयात समन्वयक, औषधसुरक्षा, रुग्णांना इंजेक्शन घ्यायला शिकवणं. औषधसुरक्षेच्या जागा जास्त करून पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळूरुकडे. समन्वयकाचं काम नागपुरातही मिळतं. घरी धाकट्या भावाचं शिक्षण सुरू होतं, म्हणून तिने इथलंच निवडलं. नाईटचे भत्ते गेल्यामुळे हातात येणारा पगार सुरुवातीला कमी झाला. तो हिशेब आम्ही कागदावर मांडला तेव्हा मी तिच्या बाबांनाही बोलावलं होतं. त्यांनी एकच अट घातली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी वेळेवर नूतनीकरण करत राहायची. अट चांगली होती. परतीची वाट आपल्या हाताने बंद करू नये.

अर्जात तिने आधी “रुग्णसेवेचा ६ वर्षांचा अनुभव” एवढंच लिहिलं होतं. ती ओळ आम्ही काढली आणि काकांचा प्रसंग पाच ओळींत घातला. मुलाखतीत त्यांनी बराच वेळ त्यावरच विचारलं.

आईचा प्रश्न मात्र तिच्या मनातून गेला नव्हता. रुजू झाल्यावर तीनेक महिन्यांनी एका संध्याकाळी तिचा फोन आला. एका आजोबांना ट्रायलची माहिती द्यायची होती. त्यांना वाचता येत नव्हतं. २०१९ च्या नियमांप्रमाणे अशा वेळी ट्रायलशी संबंध नसलेला एक साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर लागतो. तो होता, डॉक्टरही होते. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, आजोबांनी मान डोलावली. डॉक्टर म्हणाले, काही विचारायचं असेल तर विचारा. आजोबा डॉक्टरांकडे न बघता हिच्याकडे वळून म्हणाले, “बाई, नाही म्हटलं तर इलाज बंद होईन का माहा?”

“मी म्हटलं, नाही आजोबा, इलाज जसा चालू आहे तसाच चालू राहीन. त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. मग ते म्हणाले, तर मग नको.”

“मग?”

“मग काय ताई, पाणी दिलं त्यांना. नोंदवहीत नकार लिहिला, तारीख टाकली, वेळ टाकली. आणि ओपीडीच्या रांगेत त्यांचा नंबर गेला होता, तो परत लावून दिला.”