रक्त पाहून चक्कर येते, तरी रुग्णसेवेत यायचंय

"मावशी, माझं शाळेचं शेवटचं वर्ष आहे. चार महिन्यांपूर्वी आजोबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एकोणीस दिवस आम्ही रुग्णालयात होतो. तिथे एक स्पीच थेरपिस्ट रोज यायच्या. त्यांनी आजोबांना आधी घट्ट केलेलं पाणी गिळायला शिकवलं, मग बोलायला. घरी सोडायच्या आदल्या दिवशी आजोबांनी माझं नाव घेतलं. तेव्हापासून मला हेच काम करायचंय. घरचे म्हणतात, या क्षेत्रात जायचं तर डॉक्टर हो, बाकीची कामं डॉक्टर होता न आलेल्यांची. त्यात शेजारच्या खाटेवरच्या काकांचं ड्रेसिंग चालू असताना मी चक्कर येऊन पडले. आता सगळे म्हणतात, हिला रक्त बघवत नाही, ही काय रुग्णसेवा करणार. मी खरंच लायक नाही का? की आजोबांवरच्या मायेपोटीच मला हे सगळं वाटतंय?"
– आजोबांची नात

प्रिय मुली,

आधी चक्कर येण्याचं बोलू. पत्रात तू ते शेवटी लिहिलंयस, पण मनात तेच सगळ्यात वर आहे असं मला वाटलं.

मी तीस वर्षांहून जास्त काळ वॉर्डात नर्स म्हणून काम केलं. शिकत असताना पहिल्यांदा ऑपरेशन थिएटरमध्ये उभी राहिले तेव्हा कानात घूं असा आवाज सुरू झाला, हातांना घाम फुटला आणि पुढचं आठवतं ते थंडगार फरशीवर गालाखाली कुणीतरी घातलेला टॉवेल. शुद्धीवर आले तेव्हा आमच्या मोठ्या सिस्टर शेजारी बसल्या होत्या. एवढंच म्हणाल्या, "उद्या पोटात काहीतरी घालून ये, आणि गुडघे ताठ करून उभी राहू नकोस." दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. महिन्याभरात ते थांबलं.

हा भित्रेपणा नव्हे. शरीराची एक उलटी खेळी आहे. इतर कुठल्याही भीतीत रक्तदाब वाढतो आणि वाढलेलाच राहतो, त्यामुळे माणूस घाबरला तरी सहसा पडत नाही. रक्त किंवा जखम पाहिल्यावर मात्र काही जणांचा रक्तदाब आधी चढतो आणि मग एकदम खाली येतो. मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. लार्स-योरान ऊस्त या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात यावर एक साधा उपाय तपासून मांडला. हात, पाय आणि पोटाचे स्नायू १० ते १५ सेकंद आवळून धरायचे, चेहऱ्याला ऊब जाणवेपर्यंत. मग २० ते ३० सेकंद नेहमीसारखं बसायचं, आणि पुन्हा आवळायचं. असं पाच वेळा. रोज घरी सराव कर, म्हणजे वेळेला शरीर आपोआप करेल. घेरी येतेय असं वाटलं तर लाजू नकोस, जवळच्या माणसाला सांग आणि खाली बस. वॉर्डात त्यावरून कुणी हसत नाही, कारण निम्म्या लोकांना आपला पहिला दिवस आठवत असतो. एवढं करूनही त्रास राहिला, किंवा रक्ताचा काही संबंध नसतानाही चक्कर येऊ लागली, तर डॉक्टरांना दाखव. पण चार महिन्यांपूर्वीच्या एका दुपारवरून स्वतःला नालायक ठरवू नकोस. त्या दिवशी तू किती जागरणांनंतर तिथे उभी होतीस, हेही कुणी विचारात घेतलेलं नाही.

आता खरा प्रश्न. ही माया आहे की कल?

त्याचं उत्तर मी इथे बसून देऊ शकत नाही. पण ते शोधायची एक रीत सांगते. त्या एकोणीस दिवसांत तुझ्या डोक्यात कोणता प्रश्न सारखा घोळत होता, ते आठव. एकाच खाटेभोवती किती वेगवेगळे प्रश्न उभे असतात बघ. गुठळी झाली कशाने आणि पुन्हा होणार नाही यासाठी काय करायचं, हा एक. मेंदूचा कुठला भाग गेलाय हे चित्रात नेमकं कसं दिसेल, हा दुसरा. पाय कधी टेकवता येईल? एका हाताने सदऱ्याचं बटण कसं लावायचं? या गोळ्या एकमेकींशी भांडणार तर नाहीत? रात्री दोन वाजता श्वास बदललाय, तो का? आणि घरी गेल्यावर आजीच्या झोपेचं काय? हे सगळे प्रश्न कुणा ना कुणाचं रोजचं काम आहे. डॉक्टर, रेडिओग्राफर, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, फार्मासिस्ट, नर्स, समाजसेवक. जो प्रश्न तुला आजोबा घरी आल्यावरही सोडत नाही, तिकडे तुझा कल आहे. आजोबा बरे होत आले तसा प्रश्नही विरत गेला असेल, तर ती माया. त्यातही काही वाईट नाही, पण त्यावर पंचवीस-तीस वर्षांची नोकरी उभी करू नये.

तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. तू फक्त "बाईंनी बोलायला शिकवलं" एवढं लिहून थांबली नाहीस. आधी गिळायला, मग बोलायला, असा क्रम लिहिलास, आणि घट्ट पाण्याचाही उल्लेख केलास. स्पीच थेरपिस्ट गिळण्याचंही काम पाहतात हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. तू त्यांची दोन बोटं आजोबांच्या गळ्यावर पाहिली असशील. घोटाबरोबर कंठ वर उचलला जातो का, किती उशिराने, हे त्या बोटांना कळतं. मग त्या "आ" म्हणायला लावतात आणि आवाज ओलसर, घरघरता येतो का ते ऐकतात. तसा आला तर पाणी श्वासनळीच्या तोंडाशी साचलंय असा संशय घ्यायचा. साधं पाणी घशातून सरकन घसरतं आणि दुबळ्या झालेल्या स्नायूंना श्वासनळीचं दार मिटायला सवड मिळत नाही. घट्ट पाणी सावकाश उतरतं. काही रुग्णांना तर चुकीच्या वाटेने पाणी गेलं तरी ठसकाही लागत नाही, आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया होतो. मी तो पाहिलाय. त्या चमच्यामागे किती काही उभं असतं, हे तेव्हापासून मी विसरलेले नाही.

आणि उजवी बाजू व बोलणं दोन्ही एकदम का गेलं, हे तू शोधलंस का? शरीराची उजवी बाजू मेंदूच्या डाव्या अर्ध्याच्या हाती असते, आणि बहुतेकांची भाषाही तिथेच. पॉल ब्रोका या फ्रेंच सर्जनने १८६१ मध्ये पॅरिसला एका रुग्णाच्या मेंदूत ती जागा दाखवली. तो रुग्ण कितीतरी वर्षं जवळजवळ एकच अक्षर उच्चारत होता. हे वाचताना तुला आणखी वाचावंसं वाटलं, तर ती खूण समज.

पण एक सावधगिरी. तू त्या बाईंना दिवसातली वीस-पंचवीस मिनिटं पाहिलंस, तीही तुझ्या माणसाजवळ. उरलेला दिवस तू पाहिलेला नाही. त्यांच्या यादीत असे रुग्ण असतात जे तीन महिन्यांनीही नातीचं नाव घेत नाहीत. चिडून चमचा उडवणारे असतात. "अजून किती दिवस?" असं रोज विचारणारे नातेवाईक असतात. आणि प्रत्येक भेटीनंतर नोंदी लिहायच्या असतात, त्यात बराच वेळ जातो. म्हणून त्यांना जाऊन भेट. "हे करिअर चांगलं आहे का?" असं विचारू नकोस, त्याला सगळे गुळगुळीत उत्तर देतात. "काल सकाळी आल्यापासून घरी जाईपर्यंत काय काय केलंत?" असं विचार. कंटाळवाणं काय, सोडून जावंसं कधी वाटलं आणि मग का नाही गेलात, हेही विचार. जमलं तर रीतसर परवानगी काढून दोन-चार दिवस सोबत राहा, आणि फक्त त्यांच्याचबरोबर नाही. एक दिवस लॅबमध्ये, एक दिवस फिजिओच्या खोलीत. वृद्धाश्रमात आठवड्यातून एकदा नियमाने जाता आलं तर सगळ्यात उत्तम, कारण तिथे सुट्टी देऊन घरी पाठवण्याचा आनंद नसतो, रोजचीच माणसं आणि रोजचंच काम असतं. घरी येऊन वहीत लिही, पण घड्याळाकडे कधी पाहिलंस आणि कधी पाहायचं राहून गेलं, तेही लिही. रुग्णाचं नाव मात्र वहीतही नको आणि मैत्रिणीजवळही नको. फोटो तर नाहीच नाही. हा नियम आजपासून पाळायला लाग, डिग्रीची वाट पाहू नकोस.

घरच्यांच्या बोलण्याचं मला वाईट वाटलं, राग नाही आला. त्यांना तुझा मान आणि पोटापाण्याची सोय, दोन्ही हवंय. पण "डॉक्टर होता न आलेल्यांची कामं" हे चूक आहे, आणि मी ते ठामपणे म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक तपासणी यादी आणली. चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं, रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कुठली, कुठल्या बाजूची, हे सगळ्यांनी मिळून पक्कं करायचं. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, आणि २००९ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलेलं होतं. नाव सांगायला का लावलं असेल? ज्याने एकदा तोंड उघडलंय, तो चूक दिसल्यावरही तोंड उघडतो. तिथे नर्सचा आवाज सर्जनच्या आवाजाइतकाच लागतो.

डॉक्टर होऊ नकोस असंही मी म्हणत नाही. "झालं कशाने" हा प्रश्न तुला सोडत नसेल आणि अपुऱ्या माहितीवर निर्णय घेऊन त्याची जबाबदारी वाहायची तयारी असेल, तर जरूर हो. लांबचा अभ्यास आहे, पण तोही मार्गच आहे. नाइलाजाने मात्र कुठेच जाऊ नकोस. डॉक्टर व्हायचं राहिलं म्हणून दुसरीकडे आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांतली काही वर्षभरात कामाच्या प्रेमात पडली. काही शेवटपर्यंत कडवट राहिली, आणि तो कडवटपणा रुग्णाच्या वाट्याला आला.

शिवाय आज घेतलेला निर्णय म्हणजे दार कायमचं बंद, असं या क्षेत्रात फारसं होत नाही. सिसिली सॉन्डर्स लंडनमध्ये नर्स झाल्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटलं, तेव्हा रुग्णालयातच समाजसेविकेचं काम धरलं. तिथे मरणाच्या दारातल्या माणसांच्या वेदना पाहिल्या आणि त्यांचा प्रश्न ठरला. त्यासाठी वैद्यक शिकायला गेल्या आणि १९५७ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची शेवटच्या दिवसांत काळजी घेणारं ठिकाण, उघडलं, आणि आजच्या हॉस्पिस चळवळीची सुरुवात तिथून धरली जाते. तीन व्यवसाय, पण प्रश्न एकच.

आता तयारी. जीवशास्त्र तुला आवडत असणारच. गणिताकडे दुर्लक्ष करू नकोस. औषधाच्या मात्रेत दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दसपट होतो. म्हणून आम्ही ०.५ लिहिताना आधीचं शून्य कधी सोडत नाही आणि ५ च्या पुढे .० कधी लिहीत नाही, घाईत ५.० चे ५० वाचले जातात. ही शिस्त नुसत्या पाठांतराने येत नाही, आकडेमोडीची सवय लागते. प्रथमोपचाराचा वर्ग लाव आणि छाती दाबायला पुतळ्यावर शिक, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली. ते किती दमवतं हे हातांनाच कळू दे. हिपॅटायटीस बीची लस झाली आहे का ते बघ. नसेल तर तीन डोस पुरे व्हायला साधारण सहा महिने जातात, तेव्हा आत्ताच सुरू कर. साबणाने हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. घड्याळ लावून एकदा धुऊन बघ, किती लांबलचक वाटतात ते.

अभ्यासक्रम निवडताना जाहिरातीवर जाऊ नकोस. तो मान्यताप्राप्त आहे का, त्यानंतर नोंदणी मिळते का, तुला जिथे काम करायचंय तिथे ती चालते का, आणि प्रत्यक्ष रुग्णांबरोबर किती तास मिळतात, हे लेखी मागून घे. जिथे हे विचारल्यावर उत्तर टाळतात, तिथून परत ये.

एक अवघड गोष्ट राहिली. तू ज्यांना शिकवशील त्यांतले काही जण जातील. पहिला रुग्ण गेला तेव्हा मी ड्यूटी संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत बराच वेळ तशीच बसून होते. रडू येणं थांबावं अशी अपेक्षा स्वतःकडून ठेवू नकोस. फक्त अशा दिवशी कुणाशी बोलायचं, ते माणूस आधीपासून हेरून ठेव.

आजोबांना पुन्हा तपासायला कधी बोलावलंय? त्या दिवशी तूच त्यांच्याबरोबर जा, आणि स्पीच थेरपिस्ट बाईंची वेळ आधी मागून घे. काय बोलणं झालं ते मला लिही. आजोबांना आता साधं पाणी चालतंय का, तेही कळव.

तुझी,
मावशी